वेळ द्यायची तर दोघांनी

विदर्भातल्या माणसाला रांग समजावून सांगावी लागत नाही. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्राबाहेर लागलेल्या बंड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना रांगेतली रात्र कशी असते हे ठाऊक आहे: जुवाला टेकवलेले बैल, कापसाच्या ढिगावर घोंगडी ओढून झोपलेला शेतकरी, आणि कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर साहेब उद्या येणार की परवा याबद्दलच्या दहा वेगवेगळ्या बातम्या. २०२५-२६च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ ॲपवर शेतकऱ्यांची नोंदणी आणि विक्रीसाठी दिवसाचा स्लॉट अशी पद्धत आणली, तेव्हा अनेकांना वाटले की रांगेचा प्रश्न आता मिटला. तो पूर्ण मिटणार नव्हता, कारण स्लॉट फक्त ‘केव्हा यायचे’ एवढेच सांगतो; आल्यावर किती वेळात मोकळे होणार, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघून कापूस परत न्यावा लागल्यास गाडीभाडे कोणाच्या अंगावर, याचे उत्तर स्लॉटमध्ये नसते.

बंदरातील कंटेनर टर्मिनलमध्ये येणाऱ्या ट्रकांनी आगाऊ सूचना द्यावी, आपली वेळ नोंदवावी आणि त्या बदल्यात त्यांना लवकर प्रवेश मिळावा, या कल्पनेकडे मी याच अनुभवातून पाहतो. कल्पना चांगली आहे आणि ती अमलात यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती ज्या स्वरूपात सहसा मांडली जाते, त्यात वेळ पाळण्याचे सगळे ओझे ट्रकवाल्यावर आणि वेळ वाचल्याचा सगळा लाभ टर्मिनलला, अशी वाटणी होण्याची शक्यता फार आहे. नागपूरसारख्या समुद्रापासून आठशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या शहराला ही वाटणी सर्वांत महाग पडेल.

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मी अनेक वर्षे माल रवानगीचे काम पाहिले. एकदा डिसेंबरमध्ये आमच्या सुताचा कंटेनर घेऊन निघालेल्या ट्रेलरबरोबर मी स्वतः गेलो, कारण मागच्या तीन खेपांना हॉल्टिंगची, म्हणजे गाडी थांबून राहिल्याच्या आकाराची, बिले वाढली होती आणि वाहतूकदार खोटे बोलतो आहे असा आमच्या कार्यालयाचा समज होता. तो खोटे बोलत नव्हता. टर्मिनलच्या फाटकाच्या अलीकडे सुमारे दोन किलोमीटरवर आमचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, थांबला आणि त्यानंतर जवळजवळ दीड दिवस आम्ही दहा-दहा, वीस-वीस फूट सरकत होतो. क्लीनरने ट्रेलरच्या कडेच्या लोखंडी पेटीतून स्टोव्ह काढून दोन्ही चाकांच्या आडोशाला भात-वरण शिजवले, तेही दोन टप्प्यांत, कारण मध्येच रांग हलली आणि गरम पातेले हातात धरून त्याला गाडीबरोबर चालावे लागले. रांग हलली आणि आपण हललो नाही तर मधल्या जागेत दुसरा घुसतो. त्यामुळे झोपायचेही पाळीने. आमचा चालक पारशिवनीकडचा होता. तो म्हणाला, “साहेब, आठशे किलोमीटरचा थकवा येत नाही, ह्या दोन किलोमीटरचा येते.”

त्या रांगेत माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की आमच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कोणती गाडी कशासाठी आली आहे, हे त्या रांगेला माहीत नव्हते. कोणी निर्यातीचा भरलेला कंटेनर उतरवायला आला होता, कोणी आयातीचा उचलायला, कोणाच्या जहाजाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, तर कोणाचे जहाज अजून समुद्रातच होते. एकाचा कागद चुकीचा निघाला की तो फाटकावरच अडकायचा आणि त्याच्या मागची सगळी ओळ त्याच्यासाठी थांबायची. पूर्वसूचनेचा खरा उपयोग या आंधळेपणावर आहे.

हा उपयोग नीट समजण्यासाठी टर्मिनलच्या आतले काम समजले पाहिजे. यार्डात कंटेनर एकावर एक, चार-पाच थरांत रचलेले असतात. आयातीचा कंटेनर उचलायला ट्रक येतो तेव्हा त्याचा कंटेनर सर्वांत खाली असेल, तर क्रेनला वरचे सगळे उचलून दुसरीकडे ठेवावे लागतात. ही उचलाउचल कोणाच्याही बिलात दिसत नाही, पण ट्रकच्या घड्याळात दिसते. उद्या सकाळी कोणता ट्रक कोणता कंटेनर न्यायला येणार आहे हे टर्मिनलला आदल्या रात्री कळले, तर रात्रीच्या निवांत तासांत तो कंटेनर वर आणून ठेवता येतो. निर्यातीतही तसेच आहे. कोणत्या जहाजाचा, कोणत्या बंदराचा, किती वजनाचा कंटेनर केव्हा येतो आहे हे आधी समजले तर त्याची जागा आधी ठरते, कारण जहाजावर जड कंटेनर खाली आणि हलके वर लागतात व यार्डातली रचना शेवटी त्या क्रमाशी जुळवावी लागते. कागदांची तपासणी फाटकाऐवजी घरूनच होते. म्हणजे सूचनेचे मोल तिच्यातल्या माहितीत आहे. गाडी नऊ वाजता आली की साडेदहाला, याला त्यामानाने कमी महत्त्व आहे.

येथेच चर्चेचा घोटाळा होतो. पूर्वसूचना आणि वेळेचे बंधन या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. पहिलीत ट्रकवाला सांगतो की मी काय घेऊन येतो आहे. दुसरीत टर्मिनल सांगते की अमुक तासाला ये, नाहीतर परत जा. पहिली गोष्ट नागपूरचा ट्रक निघतानाच, म्हणजे किमान एक दिवस आधी, अगदी बिनचूक करू शकतो. या बाबतीत दूरचा ट्रक जवळच्यापेक्षा सरस आहे, कारण तळोजा किंवा भिवंडीहून निघणारा ट्रक दोन-तीन तासांत दारात उभा राहतो. दुसरी गोष्ट मात्र त्याला जवळजवळ अशक्य आहे.

का अशक्य आहे ते पाहू. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह संपूर्ण खुला झाला. नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे हे ७०१ किलोमीटर अंतर जड वाहनांसाठीच्या ताशी ८० किलोमीटर मर्यादेने कागदावर नऊ तासांत पार होते. भरलेला ट्रेलर सतत ८०ने चालत नाही आणि चालकाला जेवण-झोप लागते हे सोडून दिले, तरी आमणे म्हणजे न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर नव्हे. त्यापुढे भिवंडी, ठाणे, कळंबोली या पट्ट्यातील रस्ते आहेत आणि त्या पट्ट्यात जड वाहनांना गर्दीच्या तासांत प्रवेशबंदी असते. टर्मिनलने सकाळी दहाचा स्लॉट दिला आणि वाहतूक पोलिसांनी त्याच वेळी ‘नो एंट्री’चा दांडा आडवा केला, तर त्या दोन सरकारी-निमसरकारी आज्ञांमध्ये चालकाने कोणती पाळायची? ज्याने स्लॉटची पद्धत आखायची आहे त्याने प्रथम पोलिसांचे वेळापत्रक समोर ठेवले पाहिजे. मला तरी ही गोष्ट इतकी उघड वाटते की ती लिहावी लागते याचाच संकोच वाटतो.

शिवाय चुकलेल्या स्लॉटची किंमत सर्वांना सारखी नसते. पनवेलचा ट्रक स्लॉट हुकला तर घरी जाऊन दुसऱ्या दिवशी येतो. नागपूरच्या ट्रकचा स्लॉट हुकला तर तो जाणार कुठे? तो रस्त्याच्या कडेलाच उभा राहतो, म्हणजे जी रांग मोडायची होती तीच रांग फाटकापासून थोडी दूर जाऊन उभी राहते, आणि आकडेवारीत मात्र फाटकावरचा वेळ कमी झालेला दिसतो.

जगात हा प्रयोग जुना आहे आणि त्याचे यश-अपयश दोन्ही शिकण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियाने २००२मध्ये कायदा केला की टर्मिनलच्या फाटकावर ट्रक अर्ध्या तासाहून जास्त वेळ इंजिन चालू ठेवून ताटकळला तर टर्मिनलला प्रत्येक ट्रकमागे अडीचशे डॉलर दंड होईल. हेतू धूर कमी करण्याचा होता. मात्र टर्मिनलने वेळ-नोंदणीची सोय दिली तर या दंडातून सुटण्याची वाट त्याच कायद्यात ठेवली होती. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या अनेक टर्मिनलांनी ती वाट धरली. पुढे अभ्यासकांनी पाहिले तेव्हा रांगांमध्ये म्हणावा असा फरक पडलेला नव्हता, कारण वेळ नोंदवून आलेल्या ट्रकला बहुतेक ठिकाणी वेगळी मार्गिका किंवा अग्रक्रम नव्हता. नोंदणी झाली, दंड टळला, ट्रक जिथे होता तिथेच राहिला. स्लॉट म्हणजे हक्क असेल तरच त्याला अर्थ आहे. नुसता स्लॉट ही आणखी एक चिठ्ठी होते.

याउलट सिडनीच्या पोर्ट बॉटनी बंदरात न्यू साउथ वेल्सच्या सरकारने २०१०-११च्या सुमारास जे नियम आणले, त्यांचे मला सर्वांत जास्त कौतुक आहे. तेथे ट्रक ठरल्या वेळी आला नाही तर वाहतूकदाराला दंड होतो, पण ट्रक वेळेवर येऊनही टर्मिनलने त्याला ठरलेल्या वेळात मोकळे केले नाही तर टर्मिनलला दंड होतो आणि तो पैसा वाहतूकदाराकडे जातो. या एका तरतुदीने सगळ्या व्यवहाराचा तोल बदलतो. टर्मिनल मग क्रेनच्या क्षमतेपेक्षा जास्त स्लॉट वाटत नाही, कारण वाटलेला प्रत्येक स्लॉट हा त्याच्यावरचा दावा असतो. सरकारला तेथे हस्तक्षेप करावा लागला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ट्रकवाला हा टर्मिनलचा ग्राहक नसतो. टर्मिनलचे पैसे जहाज कंपनी देते, त्यामुळे धक्क्यावर जहाज तासभर थांबले तर फोन वाजतात आणि फाटकावर ट्रक दिवसभर थांबला तर कोणाचाच वाजत नाही. बाजाराने हा प्रश्न आपोआप सुटेल असे मानणाऱ्यांनी हा पैशाचा प्रवाह पाहावा.

तिसरे उदाहरण लागोसचे. नायजेरियातील आपापा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रक कित्येक आठवडे अडकून पडत असत. २०२१च्या फेब्रुवारीअखेर तेथे ‘एटो’ नावाची इलेक्ट्रॉनिक बोलावणी पद्धत सुरू झाली. आरंभी रस्ते मोकळे झाले, पण थोड्याच काळात वाटेवरच्या नाक्यांवर पैसे उकळले जात असल्याच्या तक्रारी पुन्हा येऊ लागल्या. जिथे टंचाई आहे तिथे तिकिटाचा काळाबाजार होतोच. नागपूरकराला हे सांगायला लागोसला जाण्याची गरज नाही, दिवाळीत पुण्याहून येणाऱ्या गाडीचे आरक्षण ज्याने शोधले आहे त्याला ते पुरेसे ठाऊक आहे. आपल्याकडे मालट्रकांचा धंदा मोठ्या प्रमाणात एक-दोन ते चार-पाच गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. स्लॉट खुले होताच शंभर गाड्यांच्या कंपनीने ते ठोकभावात उचलले आणि नागपूरजवळच्या वाडीतल्या दोन गाड्यांच्या मालकाला ते वरकड पैसे देऊन घ्यावे लागले, तर पूर्वसूचना ही सुधारणा न राहता दलाली होईल. म्हणून स्लॉट हा कंटेनरच्या क्रमांकाला आणि जहाजाला बांधलेला असावा, वाहतूकदाराच्या खात्याला नव्हे. गाडी बिघडली तर घोडा बदलता यावा, पण कंटेनर बदलता येऊ नये. नोंदणीला शुल्क तर मुळीच असू नये.

जहाजाशी बांधण्याचे आणखी एक कारण आहे. निर्यातीच्या कंटेनरला टर्मिनलमध्ये कधी घ्यायचे आणि कधी बंद करायचे, हे जहाजाच्या येण्यावर ठरते, आणि जहाज उशिरा येते. माल बुटीबोरीहून निघतो तेव्हा गेट उघडण्याची जी वेळ असते, ती ट्रक मेहकरच्या पुढे गेल्यावर बदललेली असू शकते. अशा वेळी आज होते असे, की कारखान्यातला माणूस कस्टम एजंटला फोन करतो, एजंट जहाज कंपनीकडे चौकशी करतो, आणि चालकाला जी बातमी मिळते ती चौथ्या तोंडची असते. जहाज सरकले की त्याच्याशी बांधलेले सगळे स्लॉट आपोआप सरकले पाहिजेत आणि त्याचा संदेश थेट चालकाच्या मोबाइलवर, मराठीत आणि हिंदीत, गेला पाहिजे. म्हणजे तो समृद्धीवरच्या थांब्यावर किंवा शिर्डीच्या अलीकडे एखाद्या ढाब्यावर झोप काढील. ही झोप मला छोटी गोष्ट वाटत नाही. आठशे किलोमीटर चालवून आलेला आणि रांगेत जागलेला चालक परतीच्या वाटेला तोच असतो.

येथे कोणी म्हणेल की छोट्या मालकांना आणि चालकांना हे ॲपचे काम झेपणार नाही. मला हा आक्षेप फसवा वाटतो. चालक आज फास्टॅगचे रिचार्ज करतो, डिझेलचे पैसे मोबाइलवरून देतो, परतीचा माल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शोधतो. त्याला न झेपणारी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे तीच माहिती पुन्हापुन्हा भरणे. नागपूरहून निघालेल्या निर्यातीच्या कंटेनरची माहिती आधीच किती ठिकाणी असते ते मोजून पाहावे. ई-वे बिलात गाडीचा क्रमांक आणि माल आहे. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने त्याची मुदतही ठरलेली आहे. सीमाशुल्काच्या शिपिंग बिलात निर्यातदार आणि माल आहे. कारखान्यात भरलेल्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील आहे. १ जुलै २०१६पासून प्रमाणित वजन देणे बंधनकारक आहे. टर्मिनलच्या फाटकातून कंटेनर आत नेण्यासाठी फॉर्म १३ आहे. त्याच वर्षी जवाहरलाल नेहरू बंदरातून सुरू झालेल्या लॉजिस्टिक्स डेटा बँकेत तर कंटेनरवरचा टॅग टोलनाक्यांवर वाचला जातो. कंटेनर कुठवर आला हे टोलनाक्याला माहीत आहे आणि फाटकाला नाही. पूर्वसूचना म्हणजे या सगळ्यावर सातवा अर्ज असेल तर तिला विरोधच केला पाहिजे. या सहा कागदांना एकमेकांशी बोलायला लावणे असेल, तर चालकाला बहुधा एक बटण दाबण्यापलीकडे काही करावे लागणार नाही.

नागपूरच्या बाबतीत दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा, की येथला कंटेनर रेल्वेने जावा. अजनी, मिहान, बोरखेडी येथील रेल्वेच्या कंटेनर यार्डांच्या सोयी त्यासाठीच उभ्या राहिल्या, मग ट्रकच्या रांगेची चिंता विदर्भाने कशाला करावी? जड आणि घाई नसलेला माल रेल्वेनेच जावा हे मलाही मान्य आहे. भंडारा-गोंदियाचा तांदूळ किंवा फेरो अलॉय ट्रेलरवर लादून घाट उतरवण्यात शहाणपण नाही. पण मालगाडी भरेपर्यंत कंटेनर थांबतो, आणि जहाजाची मुदत जवळ आली की निर्यातदार शेवटी रस्त्याकडे वळतो. सर्वांत तातडीचा, म्हणजे उशिराची किंमत सर्वांत जास्त असलेला माल रस्त्यावर असतो. शिवाय कारखान्यापासून रेल्वेच्या यार्डापर्यंतची फेरी ट्रकनेच होते आणि तेथेही फाटक आहे. खरे तर पूर्वसूचनेचा पहिला प्रयोग नागपुरातच, या अंतर्गत यार्डांच्या दारांवर व्हावा. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वरचे कारखानदार एका तासाच्या अंतरावर आहेत, गाड्यांची संख्या आवाक्यातली आहे, आणि चूक झाली तर ट्रक घरी परत जाऊ शकतो.

मोठ्या बंदरासाठी मी सुचवीन ते असे. माहितीची पूर्वसूचना सर्वांना सक्तीची असावी. वेळेची खिडकी मात्र अंतरानुसार असावी: शंभर किलोमीटरच्या आतल्या गाडीला तासाची, आणि पाचशेच्या पलीकडून येणाऱ्या गाडीला सहा-आठ तासांची. दूरच्या गाडीची अनिश्चितता जवळच्या गाडीच्या शिस्तीने भरून काढणे हे गणित टर्मिनलला अवघड नाही. यात जवळच्यांवर अन्याय होतो अशी ओरड होईल आणि ती काही अंशी खरीही असेल. पण ज्याला तासाभरात यायचे आहे त्याला तासाची खिडकी जाचत नाही. वेळेत आलेल्या गाडीला स्वतंत्र मार्गिका द्यावी, आणि ठरल्या अवधीत ती बाहेर पडली नाही तर टर्मिनलने तासाप्रमाणे भरपाई द्यावी. लवकर पोहोचलेल्यासाठी पाणी, शौचालय आणि झोपण्याची जागा असलेला वाहनतळ असावा. या शेवटच्या गोष्टीला सोय न म्हणता पद्धतीचा भाग म्हणावे, कारण थांबायला जागा नसेल तर आठशे किलोमीटरवरून कोणीही नेमक्या वेळी पोहोचू शकत नाही.

हे करण्याची वेळ आताच आहे. जवाहरलाल नेहरू बंदराने २०२४-२५मध्ये ७३ लाखांच्या आसपास वीसफुटी कंटेनरांइतकी वाहतूक हाताळली. पालघरजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि त्याची नियोजित क्षमता २.३ कोटींहून अधिक आहे. तेथे फाटके, मार्गिका आणि वाहनतळ अजून नकाशावर आहेत. नकाशात रेघ हलवायला खोडरबर लागते, काँक्रीट झाल्यावर हलवायला पुढची वीस वर्षे लागतात. विदर्भातील उद्योजकांच्या संघटना विमानतळाच्या धावपट्टीवर आणि विजेच्या दरावर निवेदने देतात, ती द्यावीतच. त्यांनी एखादे निवेदन त्या फाटकाबद्दलही द्यावे.

माझ्या टेबलावर वाहतूकदाराची जी बिले येत, त्यांत शेवटचा रकाना हॉल्टिंगचा असे. त्या डिसेंबरच्या फेरीआधी मी त्या रकान्यासमोर लाल शाईने ‘५० टक्के मान्य’ असे लिहून सही करत असे, आणि वाहतूकदार कधी भांडायला आला नाही, कारण गाडी फाटकावर नेमकी कधी लागली याचा कागद त्याच्याकडे नसे. माझ्याकडेही नसे. फाटकावरच्या कॅमेऱ्यात तो होता, पण तो मागायचा कोणाकडे, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.